वेळेवर येणारा वूफर

माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी सोलापुरातल्या एका शाळेत गणित शिकवते. साठ पोरांच्या वर्गात मला कधी माईक लागला नाही. भिंतीपलीकडचा वर्ग इतिहासाच्या तासालाही माझी प्रमेयं शिकतो, असं सहकारी चिडवतात. पोरं मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण ते इथं सांगणार नाही.

घरी माझ्याहून मोठ्यानं बोलणारा एकच माणूस होता, तो म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. अप्पांनी उभी हयात भवानी पेठेतल्या कारखान्यात यंत्रमागावर काढली. मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाला हाक मारली तरी ऐकू जात नसे, म्हणून तिथं सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचे. एवढी वर्षं तो खडखडाट कानात साठत गेला आणि निवृत्त झाल्यावर अप्पांना ऐकू येईनासं झालं. आई गेल्यावर ते जुळे सोलापुरात आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, आणि आमच्या घरात ओरडाओरडीला सुरुवात झाली. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, अप्पा ढिम्म. पुन्हा ओरडायची, पुन्हा ढिम्म. तिसऱ्या वेळी माझा पारा चढायचा. मग मी पुढ्यात जाऊन उभी राहिले की अप्पा शांतपणे म्हणायचे, "ओरडालीस कशाला? सांग की नीट." शेवटी मला वाटायला लागलं की हे मुद्दाम करतात.

कानाचं यंत्र आणलं होतं. कुकरची शिट्टी आणि भांड्यांचा आवाज डोक्यात घुसतो म्हणून ते चार दिवसांत कपाटाच्या खणात गेलं. डॉक्टरांनी तपासणीचा आलेखही दिला होता. डावीकडे रेघ बरी, उजवीकडे जाता जाता धाडकन खाली. डॉक्टर म्हणाले, बारीक, चिरके आवाज गेलेत, जाडे आवाज अजून शाबूत आहेत. मी मान डोलावली आणि कागद फाइलीत लावला. आलेख शिकवून पोट भरणारी बाई मी, पण घरातला आलेख काय सांगतोय ते मला वर्षभर कळलं नाही. याची लाज अजून वाटते.

अप्पांचं जगणं एका गोष्टीवर उभं होतं, सोमवारचं भजन. कारखान्यातल्या जुन्या मंडळींचं एक मंडळ आहे. भवानी पेठेतल्या एका छोट्या महादेवाच्या देवळात दर सोमवारी संध्याकाळी बसतात. अप्पा तबला वाजवायचे. पेटी वाजवत गाणारे काका हे अप्पांचे कारखान्यातले जोडीदार, शेजारच्या मागावरचे. लग्नाआधीपासून मी अप्पांना सोमवारी दुसरीकडे कुठं बघितलेलं नाही.

एका सोमवारी मी प्रसादाची उसळ घेऊन देवळात गेले होते. भजन रंगात होतं. अप्पा वाजवत होते, मान हलत होती. आणि हळूहळू अप्पांचा ठेका गाण्यापासून सुटत गेला. टाळकरी एका जागी, अप्पा दुसऱ्या जागी. काकांनी दोनदा पेटी जोरात दाबून सम दाखवली. अप्पांना पत्ताच नाही, ते आपले खुशीत वाजवतायत. मग एकेकाचा टाळ थांबला. अप्पांनी वर बघितलं, सगळ्यांचे चेहरे बघितले, आणि त्यांचे हात थांबले. काकांनी पुढचं भजन धरलं, पण अप्पांनी तबल्यावर खोळ चढवली ती चढवलीच.

त्यानंतर ते सोमवारी गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले, मग सर्दी झाली म्हणाले, मग काहीच म्हणेनासे झाले. तबला-डग्गा खोळीत गुंडाळून पलंगाखाली सरकवला. संध्याकाळी खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. मला ते बघवत नव्हतं, आणि बघवलं नाही की मला रडू येण्याऐवजी राग येतो. मी ठरवलं, काही झालं तरी हा माणूस पुन्हा तबल्याला हात लावेल.

काका भेटायला आले तेव्हा त्यांनी मंडळाच्या भजनांचं रेकॉर्डिंग माझ्या फोनवर पाठवलं. म्हणाले, "घरी ऐकू दे त्याला. जागा पुन्हा बसतील." फोनवर लावलं तर अप्पा म्हणाले, मुंग्या चालल्यासारखं वाटतंय. मग मी तावातावानं बाजारात गेले आणि दुकानातला सगळ्यात जास्त वॅटचा होम थिएटरचा संच उचलून आणला. खोक्यावर वॅटचा आकडा केवढ्या मोठ्या अक्षरात छापला होता. माझा हिशेब सरळ होता, ऐकू येत नाही ना, मग जोर वाढवा. आमच्या घराण्यात दुसरा उपाय कुणाला ठाऊकच नाही.

लावला. खिडकीच्या काचा थरथरल्या. कपाटातल्या वाट्या वाजल्या. वरच्या मजल्यावरच्या वहिनी खाली येऊन विचारून गेल्या, बोअर मारताय का. अप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "गिरणी चालू झाली काय गं? साक, साक." साक म्हणजे आमच्या घरच्या कानडीत पुरे. आयुष्यभर जो खडखडाट ऐकला तोच मी त्यांना पैसे मोजून घरी आणून दिला होता. नवरा म्हणाला, परत करून टाक. मी त्याच्यावरही खेकसले, आणि दुसऱ्या दिवशी संच परत केला.

अप्पांकडे एक जुना ॲम्प्लिफायर होता, लाकडी पेटीतला. तरुणपणी हौसेनं एका रेडिओ मेकॅनिककडून बनवून घेतलेला. मंडळाचे कार्यक्रम त्याच्यावरच व्हायचे. त्याचे स्पीकर उंदरांनी कधीच कुरतडले, पण ॲम्प्लिफायर अप्पांनी फेकू दिला नाही. बोलता बोलता अप्पाच म्हणाले, "त्यो काढ की माळ्यावरचा. लई गोड हाय त्याचा आवाज." सहा महिन्यांत त्यांनी स्वतःहून काही मागितलं ते हेच. मी तो माळ्यावरून काढला, पुसला, स्कूटीवर पायाशी ठेवला, अप्पांना मागं बसवलं आणि भवानी पेठेत एका चाचांकडे गेले.

चाचांचं दुकान म्हणजे एका बोळातली खोली. मांडववाल्यांचे, बँडवाल्यांचे फाटके स्पीकर दुरुस्त करतात. भिंतीला टेकून वूफर, म्हणजे जाडा आवाज काढणारे मोठे स्पीकर, परातींसारखे रचून ठेवलेले. चाचांनी ॲम्प्लिफायर चालू करून बघितला, हसले, म्हणाले, "चालू आहे की. दहा वॅटचा असेल. आता असे कुणी बनवत नाही."

मी म्हटलं, "दहा वॅटमध्ये काय होणार? दोनशे वॅटचा वूफर द्या त्याला."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी वर्गात ढ पोराकडे बघते तसंच. "मॅडम, वॅट काय बघता? वूफरच्या पाठीवर वॅट लिवलेलं असतंय ते त्याचं पोट. किती खाऊ शकतो ते. काम किती करतो ते येगळं. काही गडी दोन भाकऱ्या खाऊन दिवसभर राबतात, काही दहा खाऊन झोपतात. तुमच्याकडं भाकऱ्याच दहा हायेत, मग कसला गडी पायजे?"

"कमी खाणारा," मी म्हटलं.

"कमी खाऊन जास्त राबणारा," चाचांनी दुरुस्त केलं.

मग त्यांनी मला दुसरा आकडा दाखवला, जो खोक्यावर कधी मोठ्या अक्षरात नसतो. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती आवाज निघतो, तो डेसिबलमध्ये. एका वूफरवर सत्याऐंशी होता, दुसऱ्यावर एक्क्याण्णव, तिसऱ्यावर सत्त्याण्णव. मी म्हटलं, दहाच आकड्यांचा तर फरक आहे. चाचा म्हणाले, "दहा आकडे म्हणजे दहापट." आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली. डेसिबल म्हणजे लॉगरिदम. ते मी दरवर्षी शाळेच्याच ज्युनिअर कॉलेजात अकरावीला शिकवते. सत्याऐंशीवाल्याला शंभर वॅट लागतील तिथं सत्त्याण्णववाला अप्पांच्या दहा वॅटमध्ये तेवढाच बोलेल. बोळातल्या खोलीत उभं राहून मला माझाच धडा नव्यानं कळला. मी चाचांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "शाळेत जायला पायजे होतं मी."

मला तिथंच सत्त्याण्णववाला उचलून निघायचं होतं. चाचांनी अडवलं. त्यांनी सांगितलं की याला पेटी मोठी लागते, छोट्या फ्रिजएवढी, आणि अगदी तळातला घुमारा याच्यात कमी येतो. सत्याऐंशीवाला छोट्या पेटीत बसेल आणि खूप खाली उतरेल. म्हणजे पुन्हा माझी पंचाईत. अप्पांना जाडा आवाज ऐकू येतो, तर जास्त खाली उतरणारा बरा की कमी खाणारा बरा? मी चाचांशी हुज्जत घालत बसले आणि ज्यांच्यासाठी घ्यायचं त्या माणसाला विचारायचं विसरले.

अप्पा मागं उभे होते. त्यांनी चपला काढल्या आणि शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहिले. चाचांना खूण केली, लाव म्हणून. मला वाटलं देवळात आल्यासारखं काय करतायत. नंतर त्यांनी सांगितलं की कारखान्यात मागावर अनवाणीच उभं राहायचे. कान कामाचे नव्हतेच तिथं. कुठल्या मागाचा पट्टा सैल झालाय, आडवं सूत नेणारा कुठला धोटा उशिरा परततोय, ते फरशीतून तळपायाला कळायचं. ही गोष्ट त्यांनी मला आयुष्यात कधी सांगितली नव्हती. मीही कधी विचारली नव्हती.

चाचांनी तिन्ही वूफर चाचणीच्या पेटीत आळीपाळीनं बसवून माझ्या फोनवरचं भजन लावलं. अप्पांनी डोळे मिटले. सत्याऐंशीवाल्यावर म्हणाले, "ह्ये नुसतं हलालंय." एक्क्याण्णववाल्यावर थोडा वेळ उभे राहिले. "ह्ये येतंय, पण मागनं येतंय." मग सत्त्याण्णववाला. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा फरशीवर हलायला लागला. डग्ग्याच्या प्रत्येक ठोक्याला एकदा. पूर्ण भजन होईपर्यंत अंगठा हलत होता आणि मी त्या अंगठ्याकडे बघत होते.

"ह्ये वेळेवर येतंय," अप्पा म्हणाले.

मग खाली बसून त्यांनी वूफरची कड दोन बोटांत धरली. जाड कागदाचा कोन होता, आणि त्याच्या कडेला चुण्या घातलेली पट्टी. अप्पांनी ती चोळली, जशी ते दुकानात चादर चोळून बघतात. "कापड हाय की ह्ये. सुती हाय." चाचा म्हणाले, "व्हय अप्पा. कापडाची कड. मागं आत पण कापडच हाय, त्याच्यावरच सगळं तोललेलं असतंय." अप्पा माझ्याकडे बघून हसले. इतक्या महिन्यांनी हसले की मला चाचांसमोर डोळे पुसावे लागले. मी धुळीचं निमित्त सांगितलं.

सुतारानं चाचांच्या मापानं प्लायवूडची पेटी करून दिली. ती हॉलमध्ये आल्यावर टीपॉय बाहेर गेला. नवरा म्हणाला, आता पाहुणे या पेटीवरच बसवू. अप्पा रोज संध्याकाळी खुर्ची ओढून बसायचे, उजवा पाय पेटीला टेकवून. आवाज इतका बेताचा असायचा की वरच्या वहिनींना पत्ताही लागला नाही. मांडीवर बोटं चालायची. पण तबला पलंगाखालीच होता. मी आडून आडून विषय काढला की म्हणायचे, बघू.

त्यात शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम लागली. पंधरा दिवस पोरांवर ओरडून माझा घसा बसला. नेहमीचा आवाज उमटेचना. जे काही निघत होतं ते जाडं, खर्जातलं, सावकाश. त्या संध्याकाळी अप्पा पेटीला पाय टेकवून बसले होते, माझ्याकडे पाठ. भजन नुकतंच संपलं होतं. मी मागून चहा ठेवला आणि त्या फुटक्या आवाजात म्हटलं, "अप्पा, चहा ठेवलाय."

अप्पा मागं न बघता म्हणाले, "साखर कमी घातलीस न्हवं?"

मी तिथंच उभी राहिले. त्यांनी माझा चेहरा बघितला नव्हता. ओठ बघितले नव्हते. मी पुन्हा हळूच, जाड्या आवाजात म्हटलं, "कमीच घातली." अप्पा म्हणाले, "मग बरं." आणि चहा प्यायला लागले.

मी आत जाऊन फाइल काढली. तो आलेख बघितला. उजवीकडे रेघ धाडकन खाली, आणि तिथंच, अगदी तिथंच ओरडताना चिरका होणारा माझा आवाज. मी जितकी ओरडायची तितकी त्यांच्या कानाबाहेर जायची. वर्षभर मी समजत होते की हे मुद्दाम करतात, आणि ते बिचारे माझे ओठ वाचून वाचून दमले होते. मला इतकं वाईट वाटलं की त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. सकाळी उठून मी अप्पांना सगळं सांगितलं, त्याच जाड्या आवाजात. ते म्हणाले, "आईगत बोलालीस आता." माझी आई सावकाश, खर्जात बोलायची. तिच्याशी त्यांचं शेवटपर्यंत बोलणं होतं, ते का, हे मला त्या दिवशी कळलं.

घसा बरा झाला तरी मी घरात तसंच बोलायला शिकले. अजून चुकते. चुकले की अप्पा दोन बोटांनी खाली दाबल्याची खूण करतात, म्हणजे खर्जात ये. माझ्या शाळेतल्या पोरांनी हे बघितलं तर त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसणार नाही.

त्यानंतर आठेक दिवसांनी, एका रविवारी, अप्पांनी पलंगाखालून तबला काढला. खोळ झटकली. डग्ग्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "ऐक. देवळात मला टाळ ऐकू येत न्हाईत. समद्यांचा भरवसा टाळावर, आणि माझ्यापर्यंत टाळ येतच न्हाईत. म्हणून सुटलं ते. पण काकाच्या हार्मोनियमचा खर्ज येतोय मला. आपली ही वूफरची पेटी तितं न्यायची. त्याच्या हार्मोनियमपुढं माईक लावायचा, आणि वूफर माझ्या पायाशी."

त्यांनी हे किती दिवस मनात जुळवलं होतं कुणास ठाऊक. मी काकांना फोन केला. काका म्हणाले, "रिक्षा मी घेऊन येतो. तू फक्त त्याचं मन बदलू देऊ नकोस."

सोमवारी वूफरची पेटी, ॲम्प्लिफायर आणि तबला काकांबरोबर रिक्षात गेले आणि अप्पा माझ्या मागं स्कूटीवर, मांडीवर डग्गा धरून. देवळात सतरंजी अंथरलेली होती. अप्पांनी आपल्या जागेची सतरंजी दुमडून बाजूला केली आणि नुसत्या फरशीवर बसले. वूफर उजव्या पायाशी, माईक काकांच्या हार्मोनियमपुढं. मंडळातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, पण मागावर हयात काढलेली माणसं ती, कुणाला काही समजवावं लागलं नाही. एकानं तर आपण होऊन टाळकऱ्यांना थोडं मागं सरकवलं, अप्पांना काकांचं तोंड दिसावं म्हणून.

पहिलं भजन लागलं. मी खांबाला धरून उभी होते. अप्पांच्या पायाचा अंगठा हलला, मग हात पडला, बरोबर समेवर. काकांनी पेटीवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. दुसरं भजन झालं. तिसऱ्यात एका जागी अप्पांचा हात किंचित मागं पडला. पण अप्पांनी लगेच एक ठोका गाळला, पुढच्याला गाठलं आणि ठेका पुन्हा जाग्यावर आला. कुणाचा टाळ थांबला नाही.

परत येताना सिग्नलला स्कूटी थांबली. अप्पा मागून म्हणाले, "तिसऱ्यात चुकलो एकदा."

मी मान वळवून, खर्जात म्हटलं, "कुणाला कळलं नाही अप्पा."

"मला कळलं की," अप्पा म्हणाले. "मागच्या बारीला चुकलो तवा तुमच्या समद्यांच्या तोंडावरनं कळलं. आज माझं मला कळलं."

सिग्नल सुटला. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. अप्पांना तो ऐकू येत नव्हता आणि मला निघायची घाई नव्हती.